नोकरी सांभाळून पीएच.डी.: तास, घर आणि प्रबंध यांची घडी कशी बसवायची

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं की स्टाफरूममध्ये कुणीतरी नवा सहकारी हमखास विचारतो, "मॅडम, पेट (पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा) पास झालोय. आता नोकरी करता करता हे जमवायचं कसं?" मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सीनियर कॉलेजला इतिहास शिकवते. १८७६-७८ च्या दुष्काळात आणि त्यानंतरच्या वर्षांत जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना मिळालेली तगाई, म्हणजे सरकारने दिलेलं शेतीकर्ज, हा माझ्या प्रबंधाचा विषय होता. नोंदणी अर्धवेळ. आठवड्याला शिकवण्याचे सोळा तास, शाळेत जाणारा मुलगा, मध्येच सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन आणि एक नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) भेट, एवढं सगळं धरून मला साडेपाच वर्षं लागली. त्या नव्या सहकाऱ्याला चहाच्या सुट्टीत जे सांगता येत नाही ते इथे सविस्तर लिहिते आहे.

नोकरदार माणसाला वेळ मिळतो तो तुकड्यातुकड्यांत. वीस मिनिटं इथे, तास-दीड तास तिथे, वर्षातून दोनदा थोडे सलग दिवस. आणि आपण मनात काम धरून बसतो ते अख्खं: "तिसरं प्रकरण लिहायचंय." अख्खं प्रकरण वीस मिनिटांत मावत नाही, म्हणून ती वीस मिनिटं वाया जातात आणि प्रकरणही राहतं. कापड पाहून अंगरखा बेतावा तसं वेळेचं माप पाहून काम बेतलं, तेव्हा माझा प्रबंध पुढे सरकायला लागला. पुढच्या बहुतेक पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पहिली पायरी: नियम स्वतः वाचा

स्टाफरूममध्ये ऐकलेल्या नियमांवर विसंबू नका. ज्याचं नोंदणीचं वर्ष वेगळं त्याचे नियमही वेगळे असतात, आणि सांगणारा आपल्या काळचे नियम सांगत असतो. नव्याने नोंदणी करणाऱ्याने यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) नोव्हेंबर २०२२ चे पीएच.डी.चे नियम वाचायचे. त्यांनुसार कोर्सवर्क, म्हणजे सुरुवातीचा अनिवार्य अभ्यासक्रम, धरून कमीत कमी तीन वर्षं आणि प्रवेशाच्या तारखेपासून जास्तीत जास्त सहा वर्षं मिळतात. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळू शकतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर दोन वर्षांची सवलत आहे, म्हणजे एकूण दहापर्यंत. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी महिला संशोधकांना पूर्ण मुदतीत २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. माझ्या ओळखीच्या दोन जणींना ही तरतूद माहीतच नव्हती, आणि त्यांनी बाळंतपणानंतर नोंदणी सोडून दिली. म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे.

कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं असतं, त्यात संशोधन आणि प्रकाशन नीतीचा पेपर येतो आणि ५५ टक्के गुण लागतात. दर सत्राला संशोधन सल्लागार समितीसमोर, म्हणजे आरएसीसमोर, प्रेझेंटेशन आणि प्रगती अहवाल द्यावा लागतो. प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापून आलाच पाहिजे ही जुनी अट २०२२ च्या नियमांत राहिलेली नाही, पण विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते. तेव्हा विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागातून चालू परिपत्रक आणा, छापून घ्या आणि फाईलच्या पहिल्या पानावर लावा.

मुदत सहा वर्षांची असली तरी आखणी पाचाची करा. सहावं वर्ष आजारपणासाठी आणि बदललेल्या गाईडसाठी ठेवा. गाईड निवृत्त होतात, बदलून जातात. त्या गडबडीत सहा महिने सहज जातात.

दुसरी पायरी: एनओसी नीट शब्दांत घ्या

अर्धवेळ पीएच.डी.साठी कॉलेजची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, लागते, हे सगळ्यांना माहीत असतं. त्या पत्रात काय असावं हेही नियमात सांगितलेलं आहे: अर्धवेळ संशोधनाला परवानगी आहे, कामाचं स्वरूप पाहता संशोधनाला पुरेसा वेळ मिळू शकतो, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कार्यमुक्त केलं जाईल. हे तिन्ही मुद्दे पत्रात असू द्या. मी "संस्थेची हरकत नाही" एवढ्या एका ओळीचं पत्र घेतलं होतं. कोर्सवर्कचं वेळापत्रक आलं तेव्हा कार्यमुक्त करण्याचा शब्द कुठेच लिहिलेला नव्हता, आणि तीन आठवड्यांसाठी मला अर्जित रजा खर्च करावी लागली. तीच रजा पुढे लिखाणाच्या वेळी हवी होती.

सेवेला तीन वर्षं सलग झाली असतील तर अभ्यास रजेची चौकशी आत्ताच करून ठेवा. मिळेलच असं नाही, कारण तुमच्या जागी शिकवायला कुणाला ठेवायचं हा प्रश्न संस्थेपुढे असतो. मिळणार असेल तर ती शेवटच्या वर्षासाठी राखून ठेवा असं मी सांगेन. सुरुवातीला उत्साह असतो, त्याच्या जोरावर काम होतं. शेवटी अंगातलं बळ संपलेलं असतं आणि सलग दिवस तेव्हाच लागतात.

तिसरी पायरी: वर्षाचं कॅलेंडर समोर ठेवा

भिंतीवरचं कॅलेंडर घ्या आणि त्यावर कॉलेजचं वर्ष आखा. आमच्याकडे साधारण असं असतं. जून-जुलैमध्ये प्रवेश समिती आणि नवीन टाईमटेबल. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तास सुरळीत, मध्ये गणपती आणि युवा महोत्सवाची तयारी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सत्र परीक्षा, सुपरव्हिजन, कॅप सेंटरवर पेपर तपासणी आणि दिवाळीची सुट्टी. डिसेंबर-जानेवारीत एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर, क्रीडास्पर्धा, स्नेहसंमेलन. फेब्रुवारीपासून पुन्हा अभ्यासक्रम संपवायची घाई, मग परीक्षा आणि मे उजाडला की सुट्टी.

आता यात तीन रंग भरा. ज्या आठवड्यांत काहीच होणार नाही ते लाल, ज्यांत रोजचं थोडं होईल ते पिवळे, ज्यांत सलग दिवस मिळतील ते हिरवे. माझ्या कॅलेंडरवर परीक्षेचे आणि शिबिराचे आठवडे लाल होते, आणि त्या दिवसांत मी लिखाणाची अपेक्षाच ठेवली नाही. पहिल्या वर्षी हे केलं नव्हतं. डिसेंबरभर "आज पण नाही झालं" म्हणून मन खात राहिलं, आणि जानेवारीत वेळ मिळाला तेव्हा फाईल उघडायचीही इच्छा उरली नव्हती.

हिरवे दिवस मे महिन्यात येतात आणि लग्नसराईही त्याच महिन्यात येते. हे गृहीत धराच. आम्ही घरात ठरवलं होतं की जवळच्या लग्नाला अक्षता टाकायला जायचं, साखरपुडा आणि हळद सोडायची. एक-दोन नातेवाईक रुसले. डिग्री मिळाली तेव्हा पेढे घेऊन पहिल्यांदा त्यांच्याकडेच गेले.

चौथी पायरी: तासांचा हिशोब घाला

"रोज अभ्यास करीन" म्हणण्यात अर्थ नसतो. आकडे मांडा. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन आणि एकूण ४० तासांचं काम, वर्षाला ३० आठवडे, असा यूजीसीचा वर्कलोड आहे. कॉलेजात रोज किमान पाच तास हजर राहावं लागतं. त्यातून माझ्या हाती उरत होते ते असे: सोमवार ते शुक्रवार पहाटे पाच ते साडेसहा आणि रविवारी दीड तास. म्हणजे आठवड्याला ९ तास. ३० आठवड्यांचे २७० तास. उन्हाळ्यात २५ दिवस रोज पाच तास, म्हणजे १२५. दिवाळीत आठ दिवस, म्हणजे ४०. एकूण ४३५ तास.

वर्षाला ४३५ तास कमी वाटतात, पण हे तास खरोखर मिळाले तर पाच वर्षांत प्रबंध होतो. खरी अडचण हे तास गळतात ती आहे. म्हणून पहिले दोन महिने मी वहीत रोज फक्त एक आकडा लिहीत होते: आज किती मिनिटं. तेव्हा कळलं की ९ तासांतले प्रत्यक्षात साडेपाचच होतात. दीड तासातली पहिली पंचवीस मिनिटं "काल कुठे थांबलो होतो" हे शोधण्यात जात होती. त्यावरचा उपाय पुढे सांगते.

पहाटेच उठलं पाहिजे असं नाही. माझे एक सहकारी सर कॉलेज सुटल्यावर घरी न जाता साडेतीन ते पाच ग्रंथालयात बसायचे, आणि त्यांचा प्रबंध माझ्याआधी झाला. वेळ कोणतीही धरा, ती रोज तीच ठेवा.

पाचवी पायरी: काम वेळेच्या मापाने कापा

प्रबंधाच्या कामाच्या तीन याद्या करा.

पहिली यादी वीस मिनिटांच्या कामांची. दोन तासांमधला ऑफ, सुपरव्हिजनचा रिलीव्हर यायच्या आधीचा वेळ, एसटीची वाट पाहताना. यात काय मावतं? एका पुस्तकाची संदर्भनोंद पूर्ण करणं. एका तळटीपेतला पान क्रमांक पडताळणं. मोबाईलमधले दहा फोटो नाव देऊन जागेवर टाकणं. गाईडना पाठवायचं पत्र. शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) एखाद्या प्रबंधाची अनुक्रमणिका चाळणं. विचार करून वाक्य रचायचं असं काहीही या यादीत घालू नका. मध्येच घंटा होते आणि मन विस्कटतं.

दुसरी यादी दीड तासाच्या कामांची. माझ्यासाठी ती कामं होती: मोडीतला एक अर्ज देवनागरीत उतरवणं, एका तक्त्यातले आकडे टिपून त्यांची बेरीज जुळवणं, किंवा दोनशे शब्द लिहिणं. हो, दोनशेच. रोज पाचशे शब्द लिहायचे असं ठरवून मी तीन वेळा मोडून पडले. दोनशे ठरवले तेव्हा आठवड्याला आठशे व्हायला लागले, आणि एक प्रकरण चार-साडेचार महिन्यांत कच्चं उभं राहिलं.

तिसरी यादी अख्ख्या दिवसाच्या कामांची. दफ्तरखान्यात जाणं, मुलाखतीसाठी गावोगाव हिंडणं, प्रयोगशाळेतलं लांबलेलं रीडिंग, कच्च्या प्रकरणाची पुन्हा मांडणी. ही कामं दीड तासात करायला जाऊ नका. विशेषतः पुनर्मांडणी. पन्नास पानं डोक्यात एकत्र धरायला सकाळ जाते, दुपारनंतर कुठे कळतं की तिसरा भाग आधी यायला हवा.

आता पंचवीस मिनिटांच्या गळतीवरचा उपाय. बैठक संपताना शेवटची पाच मिनिटं लिखाण थांबवून वहीत दोन ओळी लिहायच्या: कुठे थांबले आणि उद्या हात कशाला घालायचा. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: "पान ११२. तगाईच्या रकमेपुढे 'पैकी वसूल' आहे. बेरीज खालच्या ओळीशी जुळत नाही. उद्या आधी हीच बेरीज, मग पुढे." दुसऱ्या दिवशी पाच वाजता चहा ठेवून वही उघडली की हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे जायचा. नोंद बारीक हवी. "दुसरं प्रकरण पुढे नेणे" असं लिहिलंत तर सकाळी पुन्हा तोच शोध सुरू होतो.

सहावी पायरी: दूरच्या कामाची फेरी आखा

माझी बरीचशी कागदपत्रं मुंबईच्या पुराभिलेखागारात होती, काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. राज्य सरकारच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला, त्यामुळे प्राध्यापकाच्या हाती असलेला शनिवार-रविवार तिथे कामाचा राहिला नाही. मग टाईमटेबल बनवणाऱ्या सरांना मेमध्येच भेटून विनंती केली की शुक्रवारी माझा एकच तास ठेवा. तो तास महिन्यातून एकदा सहकाऱ्याशी बदलून घ्यायचे आणि एक किरकोळ रजा टाकायचे. गुरुवारी रात्री कुर्डुवाडीला सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडायची, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, वेटिंग रूममध्ये तोंड धुऊन, चहा-पोहे खाऊन चालत वीस मिनिटांत काळा घोडा. दिवसभर काम, रात्री तीच गाडी परत. एका रजेत एक पूर्ण दिवस. दीड वर्षात अशा बारा फेऱ्या झाल्या.

फेरीच्या आधी हे करा. गाईडचं शिफारसपत्र आणि ओळखपत्र यांच्या तीन-तीन प्रती. फोटो काढायला परवानगी आहे का, शुल्क किती, याची फोनवर चौकशी. आणि मागवायच्या खंडांची यादी क्रमाने लिहून, त्याच्या दुप्पट पर्यायी यादी. दीडशे वर्षांपूर्वीचा कागद कधीकधी इतका जीर्ण असतो की तो हाती देतच नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पर्यायी यादी नसेल तर तेवढ्यासाठी आलेला दिवस टेबलाशी बसून जातो.

तिथे बसल्यावर वाचत बसू नका. मला हे समजायला चार फेऱ्या लागल्या. पहिल्यांदा तो पिवळा कागद, वळणदार अक्षरं, अर्जाच्या खाली शेतकऱ्याने केलेली नांगराची निशाणी असं पाहिलं की मन तिथेच गुंतायचं आणि दुपार व्हायची. तिथे फक्त टिपायचं, फोटो घ्यायचे, खूण करायची. वाचायला पहाट आहे.

सातवी पायरी: नोंदीला पत्ता हवा

एका फेरीत घाईघाईने तगाईच्या वाटपाचे आकडे सुट्या कागदावर उतरवले. खंड आणि पान लिहायचं राहिलं. दोन वर्षांनी तो आकडा चौथ्या प्रकरणाच्या मुळाशी आला, आणि तळटीप देता येईना. त्या एका पान क्रमांकासाठी पुन्हा रात्रीची गाडी, पुन्हा रजा. खंड सापडला, पण आकडा शोधायला दुपारचे तीन वाजले. त्या दिवसापासून नियम केला की आकडा लिहिण्याआधी त्याचा पत्ता लिहायचा: विभाग, वर्ष, खंड, पान. फोटो काढतानाही आधी खंडाच्या मुखपृष्ठाचा फोटो, मग आतली पानं.

मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांना आणखी एक सांगणं. पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये टाईप करा. डीटीपीवाल्याकडे जुन्या फॉन्टमध्ये टाईप करून घेतलेला मजकूर शेवटी युनिकोडमध्ये बदलायला गेलं की जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्या अक्षरावर जातो, आणि तीनशे पानांचं प्रूफ पुन्हा वाचावं लागतं. साम्य तपासणीसाठी (मजकूर दुसरीकडून उचलला आहे का हे पाहण्यासाठी) आणि शोधगंगेसाठी सॉफ्ट कॉपी द्यावीच लागते. स्वतः टाईप करायला शिका, महिन्याभरात हात बसतो. प्रती तीन ठिकाणी ठेवा: लॅपटॉप, पेनड्राईव्ह आणि गूगल ड्राईव्ह.

साम्य तपासणीचं नाव काढलंय तर तेही सांगते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्यावं लागतं, त्याच्या वर शिक्षा वाढत जाते आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द होते. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं आणि संदर्भसूची यात धरत नाहीत. टिपण काढतानाच दुसऱ्याचं वाक्य अवतरण चिन्हात टाकायची सवय असली की शेवटी घाबरायला होत नाही.

आठवी पायरी: कॉलेजातली कामं

"मॅडम, तुमचा ऑफ आहे ना, जरा एफवायवर जाता का?" हा प्रश्न आठवड्यातून तीनदा येतो. सरळ नाही म्हटलं तर सहकारी दुखावतात, आणि उद्या शुक्रवारचा तास बदलून घ्यायला त्यांच्याकडेच जायचं असतं. मी म्हणायचे, "सर, आत्ता अकरापर्यंत लायब्ररीत बसते मी. उद्या तिसरा तास तुमचा घेते, चालेल?" बहुतेकांना चाललं. मदत करायची, पण आपल्या ठरलेल्या वेळेच्या बाहेर. मात्र ऑफच्या वेळी खरंच लायब्ररीत असलं पाहिजे, स्टाफरूममध्ये गप्पा मारताना दिसलात तर पुढच्या वेळी कुणी ऐकणार नाही.

समित्यांचं वाटप जूनच्या सभेत होतं. सभेच्या आधी प्राचार्यांना भेटून स्वतःहून एक जड काम मागून घ्या, आणि एवढं एकच द्या असं सांगा. मी एक्यूएआरमधला, म्हणजे नॅकला दरवर्षी द्यायच्या अहवालातला, एक निकष घेतला. ते काम बसून करायचं असतं, वेळ आपल्या हातात राहतो. एनएसएस, सांस्कृतिक, क्रीडा ही कामं मोलाची आहेत, पण ती वेळेचे तुकडे पाडतात. मी ती डिग्रीनंतर घेतली.

शिकवण्यात मात्र काटकसर करू नका. प्रबंधापायी वर्गात न वाचता जाणारे लोक मी पाहिले आहेत आणि ते मला पटत नाही. समोरच्या पोरांचा त्यात काही दोष नसतो. तयारीला मर्यादा घाला, म्हणजे एका तासाच्या तयारीला एक तास, आणि टिपणं अशी करा की पुढच्या वर्षी फक्त भर घालावी लागेल. नवीन शैक्षणिक धोरणाने विषय आणि क्रेडिट बदलल्यापासून दोन वर्षं हे कठीण गेलं, कारण जुनी टिपणं जुळेनात. अशा वर्षी प्रबंधाचे तास कमी होतील हे धरून चला.

जमेल तिथे विषय वर्गात न्या. एसवायला १८८३ चा जमीन सुधारणा कर्ज कायदा आणि १८८४ चा शेतकरी कर्ज कायदा शिकवताना मी तगाईचा एक अर्ज देवनागरीत उतरवून फळ्यावर लिहिला. विहिरीसाठी पैसे मागितलेले होते. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, पैसे घेऊन विहीर खणली आणि पाणीच लागलं नाही तर?" तिच्या घरी मागच्याच उन्हाळ्यात बोअर कोरडं गेलं होतं. तो प्रश्न घेऊन मी पुन्हा कागद चाळले, आणि चौथ्या प्रकरणातली अकरा पानं त्या प्रश्नावर आहेत. ऋणनिर्देशात तिच्या वर्गाचा उल्लेख केला.

नववी पायरी: गाईड आणि आरएसी

गाईडकडे अनेक विद्यार्थी असतात. नियमानुसार प्राध्यापकाकडे आठ, सहयोगीकडे सहा आणि सहायकाकडे चार संशोधक असू शकतात. तेव्हा त्यांनी आपली आठवण ठेवावी अशी अपेक्षा करू नका. महिन्यातला एक दिवस ठरवा. जायच्या चार दिवस आधी एक पान पाठवा: काय झालं, काय अडलं, कोणत्या दोन प्रश्नांची उत्तरं हवीत. चाळीस पानं पाठवली तर ती वाचली जात नाहीत, एक पान वाचलं जातं. घरी आल्यावर सरांनी काय सांगितलं ते मेलवर लिहून पाठवा. वर्षभराने "मी असं म्हणालो नव्हतो" हा प्रसंग टळतो.

आरएसीच्या तारखांची भीती वाटते, पण नोकरी करणाऱ्याला त्या उपयोगी पडतात, कारण बाहेरून आलेली तारीख पाळली जाते. प्रत्येक आरएसीला एक कच्चं प्रकरण किंवा एक पूर्ण तक्ता दाखवायचाच, असं ठरवून ठेवा.

शोधनिबंधासाठी पैसे भरून आठ दिवसांत छापून देणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. यूजीसीने केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे नियतकालिक पारखायची जबाबदारी आता आपल्यावर आणि विद्यापीठावर आहे. त्या नियतकालिकाचे मागचे चार अंक वाचा, विषयातल्या जाणत्या माणसाला विचारा.

दहावी पायरी: घर

घरच्यांना "मी पीएच.डी. करतेय" एवढं सांगून भागत नाही. कुठले तास आणि किती महिने हे सांगा. मी फ्रिजवर कागद लावला होता: सकाळी साडेसहापर्यंत आई कामात. मुलगा तेव्हा दुसरीत होता. साडेसहाला येऊन तो टेबलावरचा दिवा बंद करायचा, आणि मग मी पूर्ण त्याची. तो दिवा बंद करणं त्याला इतकं आवडायला लागलं की अलार्मआधी तोच उठायला लागला. नवऱ्याने रात्रीची भांडी आणि शाळेच्या पालकसभा अंगावर घेतल्या. हे काम वाटून घेण्याचं बोलणं नोंदणीच्या आधी करा, थकल्यावर केलं की त्याचं भांडण होतं.

सासूबाईंच्या ऑपरेशनच्या दोन महिन्यांत काही झालं नाही. तेव्हा रोज फक्त फाईल उघडायची, शेवटचा परिच्छेद वाचायचा आणि बंद करायची. पंधरा मिनिटं. त्यामुळे पुन्हा सुरुवात केली तेव्हा विषय परका वाटला नाही.

सीएचबीवर असाल तर

तासिका तत्त्वावर दोन-तीन कॉलेजांत धावणाऱ्यांचं गणित वेगळं आहे आणि जास्त कठीण आहे. सुट्टीत तास नाहीत म्हणजे पैसे नाहीत, त्यामुळे मे महिना मोकळा असूनही डोकं मोकळं नसतं. माझं स्पष्ट मत आहे: फेलोशिप मिळत असेल तर तास सोडा. नेट परीक्षेतून मिळणाऱ्या जेआरएफ फेलोशिपला २०२३ पासून दरमहा ३७,००० आणि तिच्या पुढच्या टप्प्याला, एसआरएफला, ४२,००० रुपये आहेत. बार्टी, सारथी, महाज्योती या फेलोशिप देणाऱ्या राज्य सरकारच्या संस्थांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. फेलोशिप घेऊन दुसरीकडे मानधन घेता येतं का हे अटींत नीट वाचा, पुढे वसुली निघाली तर फार त्रास होतो. फेलोशिप नसेल, तर एका कॉलेजचे तास तरी सलग दिवसांत बसवून मागा, म्हणजे आठवड्यातले दोन दिवस सुटतील.

शेवटची पायरी: सबमिशन उलटं मोजा

प्रबंध लिहून झाला म्हणजे दिला असं होत नाही. प्री-सबमिशन प्रेझेंटेशन, त्यातल्या सूचनांची दुरुस्ती, साम्य तपासणीचं प्रमाणपत्र, ग्रंथालयाचं नो ड्यूज, फी, गाईडची सही, बाइंडिंग. मी सहा आठवडे धरले होते, चार महिने लागले. मुदतीच्या तारखेपासून सहा महिने मागे मोजा आणि त्या दिवशी लिखाण पूर्ण थांबवा. शुद्धलेखन तपासायला बाहेरचा माणूस लावा. स्वतःच्या चुका पाच वर्षांनी स्वतःला दिसत नाहीत.

प्रबंध गाईडशिवाय किमान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो, आणि व्हायव्हासकट (तोंडी परीक्षेसकट) ही प्रक्रिया सहा महिन्यांत संपावी असं नियम सांगतो. व्हायव्हाचं पत्र नेमकं परीक्षेच्या दिवसांत येऊ शकतं. सबमिशन झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी प्राचार्यांना तसं लेखी कळवून ठेवा, म्हणजे त्या दिवशीची सुपरव्हिजन आयत्या वेळी बदलायला धावाधाव होणार नाही. प्रबंधाची एक प्रत कॉलेजच्या कपाटात ठेवा. व्हायव्हाच्या आधीच्या आठवड्यात ऑफच्या तासाला ती काढून रोज एक प्रकरण वाचता येतं.